देवीपुढच्या चाळीस कुप्या

शांभवीला खरा राग आला की ती बोलत नसे, हातमोजे बदलत असे. त्या शुक्रवारी सकाळी तिनं दहा मिनिटांत तीन जोड्या कचऱ्यात टाकल्या. ओळखणाऱ्यानं ओळखावं की आज कुणाची तरी धडगत नाही.

तंजावर संपून वल्लमच्या रस्त्याला भातशेती लागते, तिथं एक खासगी संशोधन केंद्र आहे. दोन मजली, पांढरं, बाहेरून सहकारी बँक वाटावी असं. शांभवी तिथं विषाणूंची प्रथिनं बनवायची. विषाणू नव्हे बरं का, प्रथिनं. हा फरक सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. मेलवीथी आळीतल्या शेजारच्या राजममामी नवरात्रात तिच्या हातचं हरभऱ्याचं सुंडल घ्यायलासुद्धा बिचकायच्या, कारण पोरगी ऑफिसात डेंग्यू करते म्हणे. अहो, कसला डेंग्यू? डेंग्यूच्या विषाणूतलं एकच प्रथिन, त्याची कृती तेवढी किड्यांच्या पेशींना शिकवायची. पेशी ते बनवून भोवतीच्या द्रवात सोडतात. मग ते गाळायचं, निवडायचं, स्वच्छ करायचं. त्यानं ताप सोडा, शिंकसुद्धा येत नाही. पण आजारी माणसाच्या रक्तात हेच प्रथिन सापडतं, म्हणून डेंग्यूची नवी चाचणी बनवणाऱ्यांना ते अस्सल लागतं. आपली चाचणी खरं बोलते की थापा मारते, हे त्यांना त्याच्यावरच ताडून बघता येतं.

यंदाचा लॉट चेन्नईला जायचा होता, डॉ. भुवना यांच्या गटाकडे. शांभवी त्यासाठी तीन महिने खपली होती. पहिल्या खेपेला पेशीच मेल्या. दुसऱ्या खेपेला प्रथिन निघालं ते चिमूटभर. तिसऱ्या खेपेला सगळं जमून आलं: चाळीस कुप्या, प्रत्येकीत जेमतेम चार थेंब, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये. या प्रथिनाचे सहा-सहा तुकडे एकमेकांचे हात धरून फेर धरल्यासारखे बसतात. तो फेर शाबूत असेल तरच ते कामाचं. एकदा वितळलं की तेव्हाच वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. हा नियम तिनं फ्रीझरच्या दारावर तमिळमध्ये आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत चिकटवला होता.

विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी, त्या शुक्रवारी, सोमवारच्या कुरियरसाठी कुप्या मोजायला तिनं निळा डबा काढला आणि ती जागच्या जागी थबकली. कुप्यांमधला बर्फ तिरका होता. तिनं स्वतः कुप्या उभ्या गोठवल्या होत्या, पातळी सपाट असायला हवी होती. इथं चाळीसच्या चाळीस कुप्यांत बर्फ एका अंगाला चढलेला. म्हणजे कुप्या वितळल्या होत्या, आणि मग कुणीतरी डबा परत ठेवताना तो कशावर तरी कलता बसला होता. झाकणाच्या कोपऱ्यात चंदनाचा ठिपका होता आणि त्यावर कुंकू.

तिला कळायला वेळ लागला नाही. तिकडे आयुधपूजा म्हणजे नुसता हार घालून मोकळं होणं नव्हे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी केंद्रातलं एकूण एक यंत्र पुसून काढतात, प्रत्येकाला चंदनाचा ठिपका लावतात. सरस्वतीच्या तसबिरीपुढं केळीच्या पानांवर पुस्तकं, वह्या, पिपेट असं ज्याचं त्याचं आयुध मांडतात. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी सकाळची पुनर्पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अवजारांनाही एक दिवस विसावा. केंद्रात हे सगळं रामस्वामी बघत. ते स्टोअरकीपर, बावीस वर्षांची नोकरी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि शर्टाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. मंगळवारी त्यांनी शांभवीला विचारलं होतं, "तुझ्या कामातलं काहीतरी दे मा, देवीपुढं ठेवतो." तिनं घाईघाईत एक रिकामा निळा डबा त्यांच्या हातात कोंबला होता. का रिकामा, ते सांगायची तसदी घेतली नव्हती.

ती स्टोअरमध्ये गेली आणि डबा टेबलावर आपटणार होती, पण आपटला नाही, ठेवला. "अण्णा, पूजेत कुठला डबा ठेवलात?"

रामस्वामींचा चेहरा फुलला. "भरलेला. तू दिलेला रिकामा होता मा. रिकामं भांडं देवीपुढं ठेवतात का? तीन महिने खपलीस आणि देवीला काय दाखवायचं, मोकळा डबा? मला वाटलं घाईत चुकून दिलास. मी जाऊन भरलेला आणला. केळीच्या पानाखाली बर्फाची पिशवीसुद्धा ठेवली होती, हयगय नाही केली. काल सकाळी पुनर्पूजा झाल्याबरोबर जागेवर नेऊन ठेवला. एक मिनिट जास्त बाहेर राहू दिला नाही."

"बर्फाची पिशवी सकाळी कशी होती?"

"पाणी झालेलं," रामस्वामी म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षं ते थंड मालाची पार्सलं भरत आले होते. त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "अय्यो, मी काय करून बसलो."

शांभवीला ओरडायचं होतं. सकाळपासून तिनं मनात जमवलेले सगळे शब्द जिभेवर होते. पण या माणसावर ओरडायचं कसं? त्यानं तिच्या कामाचा मान ठेवला होता. तिनंच तो नीट ठेवला नव्हता. देवीच्या नावानं मागायला आलेल्या माणसाला तिनं रिकामा डबा देऊन वाटेला लावलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला.

मग तिनं एक कुपी वितळवून कॉलमवर चढवली. कॉलम म्हणजे काचेची उभी नळी, बारीक मण्यांनी भरलेली. मोठं ते आधी बाहेर पडतं, लहान ते मागून, आणि संगणकावर त्याची टेकाडं उमटतात. धड फेर असता तर टेकाड साडेअकरा मिलिलिटरवर यायला हवं होतं. ते आठवर आलं. सगळ्या प्रथिनाच्या गुठळ्या झाल्या होत्या. तीन महिने पाण्यात.

तो आलेख घेऊन ती केंद्रप्रमुखांकडे गेली. डॉ. कृष्णमूर्ती गोड बोलणारे गृहस्थ. आवाज चढवत नाहीत, समोरच्याला बसायला सांगतात, कॉफी मागवतात, आणि मग त्याच्या गळ्यात हवं ते बांधतात. त्यांनी आलेख बघितला न बघितल्यासारखा केला.

"जेल बघितलास?"

"बघितला. एकच रेघ, स्वच्छ." जेल म्हणजे प्रथिनाची शुद्धता दाखवणारी पट्टी; भेसळ असेल तर तिच्यावर जास्त रेघा उमटतात.

"मग झालं तर. लॉटच्या सर्टिफिकेटला जेल जोडायचा असतो. कॉलमचं कुणी विचारलंय?"

"जेलमध्ये घालताना आपण ते उकळतो, सर. सगळे फेर तिथं तुटतातच. चांगलं नि नासकं, दोन्ही सारखंच दिसणार."

"शांभवी, बुधवारी-गुरुवारी तुला सुट्टी होती," कृष्णमूर्ती म्हणाले. "शुक्रवारी आलीस तेव्हा डबा फ्रीझरमध्ये होता. तुला माहीत आहे ते एवढंच. सोमवारी मुदत संपते आहे. लॉट गेला नाही तर हा प्रकल्प दुसरीकडे जाईल. यंदा चेन्नईवाल्यांनी अट घातली आहे, सर्टिफिकेटवर माझ्या सहीबरोबर बनवणाऱ्याचीही हवी. नाहीतर तुला त्रास दिला नसता."

"मी सही करणार नाही."

"तुझ्या एक्स्टेन्शनचा कागद याच टेबलावर आहे. महिनाअखेरीला मुदत संपते ना?" त्यांनी कॉफीचा पेला तिच्याकडे सरकवला. "आणि लॉट बिघडला असं कळवायचं, तर कारण द्यावं लागेल. कारणाला नाव आहे. रामस्वामीच्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत. सोमवारपर्यंत विचार कर."

"विचार झालाय, सर. सोमवारीही हेच सांगेन. उगीच वाट बघू नका," ती म्हणाली. कॉफी तशीच राहिली.

बोलून तर बसली. पण स्कूटर वल्लम रस्त्यावरून शहराकडे वळली तशी ती हिशेब मांडायला लागली. एकतिसावं वर्ष, नोकरीची वर्षावर्षाची मुदत, आणि तंजावरात या कामाची दुसरी जागा नाही. इथनं सुटलं तर हैदराबाद नाहीतर पुणं. वडील एकटे. शिवाय रामस्वामी. आपल्या ताठपणाची किंमत दुसऱ्यानं का मोजायची, या एका प्रश्नानं तिला शुक्रवारची रात्र आणि अख्खा शनिवार चैन पडू दिलं नाही.

रविवारी जेवताना तिनं वडिलांना सगळं सांगितलं. बाळकृष्णराव ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरातली मराठी तंजावरी, जुन्या वळणाची, तमिळच्या चालीवर डुलणारी.

"शांभी, कशास येवढा हट्ट?" ते भात कालवत म्हणाले. "सही म्हणजे काय, शाईचीं चार वळणं. मी तीस वर्षं सह्या केलों की. साहेब बोट ठेवेल तेथें करायची, आणि घरीं येऊन जेवायचं. कोणास काय जाहलं?"

"कोणास काय जाहलं तें तुम्ही पाहायास गेलां होतांत काय, अप्पा?"

बाळकृष्णरावांचा घास हातातच राहिला. तिला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावेसे वाटले नाहीत. तिनं त्यांना रसम वाढलं. बऱ्याच वेळानं ते पानाकडे बघत म्हणाले, "नाहीं. गेलों नव्हतों." आणि हात धुवायला उठले.

सोमवारी ती साडेनऊलाच कृष्णमूर्तींच्या खोलीत गेली. हातात एक कागद होता, रात्री स्वतः टाइप केलेला. चाळीस कुप्यांचा लॉट बाद. बुधवारी दुपारपासून गुरुवारी सकाळपर्यंत डबा फ्रीझरबाहेर, खोलीच्या उष्णतेत. कॉलमचा आलेख सोबत. कारणाच्या जागी तिनं लिहिलं होतं: पूजेसाठी रिकामा डबा मी दिला आणि त्यामागचं कारण स्टोअरला सांगितलं नाही, हयगय माझी. खाली तिची सही.

कृष्णमूर्तींनी दोनदा वाचलं. "म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा."

"पाय माझा आहे, सर."

तेवढ्यात दार उघडलं. रामस्वामी कुरियरचं थर्मोकोलचं खोकं घेऊन आले होते, तिरुच्चीहून आलेला कोरडा बर्फ त्यात धुरकटत होता. पार्सल भरायची वेळ झाली होती. त्यांनी खोकं खाली ठेवलं, टेबलावरचा कागद बघितला आणि विचारलं, "यात माझं नाव का नाही?"

"रामस्वामी, तुम्ही बाहेर थांबा," कृष्णमूर्ती म्हणाले.

रामस्वामी थांबले नाहीत. बावीस वर्षांत साहेबांच्या खोलीत ते कधी बसले नव्हते. आज त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि शांभवीकडे वळून चांगलंच सुनावलं. "मला लहान मूल समजलीस का मा? डबा मी काढला. मी ठेवला. माझी चूक तू कोण घेणार? पाच महिने राहिलेत म्हणून मला झाकून ठेवतेस? बावीस वर्षं मी एक किल्ली हरवली नाही, आणि आता जाताना एका पोरीच्या पदराआड लपून जाऊ?" त्यांनी कृष्णमूर्तींच्या टेबलावरचं पेन उचललं, कागद ओढला, आणि तिच्या सहीखाली तमिळमध्ये सावकाश एक ओळ लिहिली: भरलेला डबा मी ठेवला. खाली नाव घातलं. शांभवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते तसंच येऊ दिलं.

"छान," कृष्णमूर्ती म्हणाले. "दोघंही शहीद व्हा. पण हा कागद या खोलीतून बाहेर जाणार नाही."

शांभवीनं पदरानं डोळे पुसले, मोबाइल काढला आणि स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. तिसऱ्या घंटीला चेन्नईहून आवाज आला. डॉ. भुवना. शांभवीनं आपलं नाव सांगितलं, पाल्हाळ न लावता झालेलं सांगितलं, अगदी केळीच्या पानासकट, आणि कॉलमवर काय दिसलं तेही.

मग भुवनाबाईंनी विचारलं, "टेकाड आठवर आलं म्हणालीस? आणि जेलवर स्वच्छ रेघ?"

"हो, मॅडम. पाहिजे तर दोन्ही पाठवते."

"पाठव. पण आधी एक सांग." त्यांचा आवाज बदलला होता. "माझ्याकडे साईप्रिया नावाची मुलगी पीएच.डी. करते. मागच्या वर्षी तुमच्याकडून आलेल्या लॉटवर तिनं अकरा महिने घालवले. दर वेळी आकडे वेगळे. तुमच्या सर्टिफिकेटवर जेल होता, स्वच्छ रेघ होती, म्हणून मला प्रथिनावर शंका आली नाही. शंका पोरीवर घेतली. सगळ्यांसमोर म्हणाले तिला, तुझा हात चुकतो. गेल्या महिन्यात ती सोडून जायला निघाली, तेव्हा कुठं माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि मी यंदा बनवणाऱ्याची सही मागितली. तो लॉट कुणी कॉलमवर चढवला होता का?"

"भुवना, तो लॉट सगळे नियम पाळूनच..." कृष्णमूर्ती पुढं वाकून बोलू लागले.

"मी शांभवीला विचारते आहे."

"मागच्या वर्षी मी दुसऱ्या कामावर होते, मॅडम," शांभवी म्हणाली. "मला माहीत नाही. पण प्रत्येक लॉटच्या दोन कुप्या आम्ही राखून ठेवतो. आज दुपारपर्यंत चढवून सांगते."

फोन बंद झाला. खोक्यातला बर्फ धुमसत होता. कृष्णमूर्तींचा गोडवा पहिल्यांदाच उतरला. "ती कुपी माझ्या परवानगीशिवाय निघणार नाही. राखीव नमुना आहे तो. केंद्राची मालमत्ता."

"ठीक आहे," शांभवी म्हणाली. "मग तसं लिहून द्या. परवानगी नाकारली म्हणून. तारीख घाला, खाली सही करा. मी मॅडमना तोच कागद पाठवते."

तिनं कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. रामस्वामींनी हातातलं पेन पुढं केलं. कृष्णमूर्तींनी पेनाकडे बघितलं, मग दोघांकडे. दुसऱ्यांकडून सह्या घेण्यात वाकबगार माणूस, पण त्यांनी ते पेन घेतलं नाही. शांभवी पूर्ण एक मिनिट उभी राहिली. मग म्हणाली, "येते मी," आणि फ्रीझरकडे गेली.

कुपी सापडली, मागच्या वर्षीच्या तारखेची, धड स्थितीतली. तिच्यात बर्फ सपाट होता, म्हणजे हिला कुणी वितळवलं नव्हतं. जे काही होतं ते पहिल्यापासूनच तसं होतं. दोन वाजता तिनं ती कॉलमवर चढवली. रामस्वामी शेजारी स्टुलावर बसून होते. त्यांना त्या रेघांतलं काही कळत नव्हतं, तरी डोळे संगणकावरून हटत नव्हते. आठ मिलिलिटर झाले आणि रेघ वर चढायला लागली. चढत राहिली. साडेअकरा मिलिलिटरवर काहीच नव्हतं, सपाट मैदान.

"वाईट का, मा?" रामस्वामींनी विचारलं.

"वाईट. पण खरं."

तिनं आलेख छापला. खाली लॉट क्रमांक, तारीख, वेळ आणि स्वतःची सही. मग ती कृष्णमूर्तींकडे गेली आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला. "प्रमुखांच्या सहीची जागा मोकळी आहे, सर. चार वाजता हा जाईल. तुमच्या सहीसकट जावा असं मला वाटतं. नाहीतर सहीशिवाय जाईल."

कृष्णमूर्तींनी टेबलावरचा तिच्या एक्स्टेन्शनचा कागद उचलला, तिच्या देखत फाईलीत घातला आणि फाईल कपाटात ठेवली. हैदराबाद नाहीतर पुणं, अप्पांच्या जेवणाचं काय, सगळं एका दमात शांभवीच्या डोक्यातून गेलं. तरी ती म्हणाली, "महिनाअखेरीला बारा दिवस आहेत. तोवर मी नव्या लॉटच्या पेशी वाढवायला घेते. पुढं जो कुणी येईल त्याला तयार मिळतील."

चार वाजता तिनं दोन्ही आलेख चेन्नईला पाठवले. एका सहीनिशी.

उत्तर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ते भुवनाबाईंचं नव्हतं. साईप्रियाचं होतं, त्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीचं. वर 'मॅडम' नाही, खाली 'आभार' नाही, मधे एवढीच ओळ:

म्हणजे माझा हात बरोबर होता.